उंदीरही ‘डिअर’ होते तेव्हा

शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ नाटकात एडगर नावाचा सरदारपुत्र जीव वाचवण्यासाठी वेड्या भिकाऱ्याचं सोंग घेतो. इतकी वर्षं आपण काय खाऊन जगलो हे तो सांगू लागतो, तेव्हा त्यात उंदीर येतात, घुशी येतात, आणि त्यांच्याच जातकुळीतली इतर बारकी जनावरं येतात. या जनावरांसाठी शेक्सपिअरने वापरलेला शब्द आहे ‘डिअर’. आजचा वाचक इथे थबकतो. डिअर म्हणजे हरीण; ते उंदीर-घुशींच्या पंगतीत कसं येऊन बसलं?

खरं तर त्या पंगतीत सगळीच जनावरं होती. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘देओर’ म्हणजे जनावर, बहुतेक करून रानातलं. लांडगा देओर, अस्वल देओर, कोल्हाही देओर. ‘विल्डरनेस’ हा शब्द फोडला तर त्याच्या पोटात हेच जनावर सापडतं: रानटी देओरांचा मुलूख तो विल्डरनेस. इंग्रजीच्या सख्ख्या बहिणींनी हा अर्थ अजून सांभाळलाय. जर्मनमध्ये ‘टीअर’ म्हणजे प्राणी. डचमध्येही तसंच, आणि त्या डच शब्दाचा उच्चार इंग्रजी ‘डिअर’च्या इतका जवळ आहे की अ‍ॅमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात हत्तीकडे बोट दाखवून एखादं पोर ओरडलं, तर शेजारचा इंग्रज पाहुणा चक्रावून जाईल.

शब्दाचा अर्थ असा आक्रसत जाण्याला आपल्या भाषाशास्त्रात अर्थसंकोच म्हणतात. नाव रुक्ष आहे, पण त्याच्या मागे लागलं की कधी राजाच्या शिकारखान्यात, कधी गोठ्यात, तर कधी हिमालयाच्या शिखरापर्यंत जाऊन पोचायला होतं.

शिकारखान्यापासूनच सुरुवात करू. १०६६ साली नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंड जिंकून गादीवर बसला. त्याला शिकारीचं वेड होतं. त्याने मोठमोठे प्रदेश राखीव ‘फॉरेस्ट’ म्हणून जाहीर केले. त्या काळी फॉरेस्ट हा कायद्याचा शब्द होता. झाडं असोत नसोत, जिथे राजाच्या शिकारीचा कायदा लागू तो मुलूख फॉरेस्ट. विल्यम १०८७ साली वारला, तेव्हा पीटरबरोच्या मठातल्या बखरकाराने त्याच्या अमलाबद्दल जे लिहिलं त्यात एक तक्रार आहे: हरीण मारणाऱ्याचे डोळे काढायचे असा या राजाचा हुकूम होता. त्याच नोंदीत सांबराएवढ्या थोराड हरणांसाठी जो शब्द येतो, त्याचा शब्दशः अर्थ होतो ‘उंच देओर’, म्हणजे उंच जनावर. १०८७ मध्ये ‘देओर’ला अजून विशेषणाची गरज होती. पुढे ती उरली नाही. ज्याच्यासाठी माणसाचे डोळे जातात, ते जनावर कुठलं हे वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरीकडून नवे शब्द येत होते. नॉर्मन लोकांच्या फ्रेंचमधून ‘बीस्ट’ आला आणि त्याने ‘कोणतंही जनावर’ हा अर्थ बळकावला. ‘अ‍ॅनिमल’ त्याच्याही नंतरचा. राजा जेम्सच्या काळात १६११ साली छापलेल्या इंग्रजी बायबलात नोहाच्या तारवातले सगळे प्राणी आहेत, पण ‘अ‍ॅनिमल’ हा शब्द मात्र एकदाही नाही. म्हणजे एक प्रशस्त शब्द होता, त्याच्या जागेवर पाहुणे येत गेले, आणि मूळ मालक एका कोपऱ्यात सरकला. तो कोपरा कोणता असावा, हे शिकाऱ्यांनी ठरवलं.

त्याच शिकाऱ्यांचा हात आणखी शब्दांवर दिसतो. ‘व्हेनिसन’ म्हणजे आज हरणाचं मांस. पण त्याचं मूळ लॅटिनमध्ये ‘शिकार’ असं आहे, आणि मध्ययुगात रानडुक्कर, ससा, काहीही मारून आणलं तरी ते व्हेनिसनच होतं. ‘हाऊंड’ची गोष्ट तर फारच सुंदर आहे. जुन्या इंग्रजीत ‘हुंड’ म्हणजे सरसकट कुत्रा, आणि हा शब्द आपल्या ‘श्वान’चा सख्खा चुलतभाऊ, दोघांचं मूळ एकच. एवढ्या मोठ्या घराण्यातला हा शब्द आज फक्त शिकारी कुत्र्यापुरता उरलाय. आणि त्याच्या गादीवर जो बसला, त्या ‘डॉग’चं मूळ आजवर कोणालाही सापडलेलं नाही. जुन्या इंग्रजीत तो क्वचित कुठेतरी दिसतो, शेजारच्या भाषांमध्ये त्याची भावंडं नाहीत, आणि बघता बघता तो जगभर पसरतो. खानदानी हुंडला हवेलीतल्या शिकारी टोळीने ठेवून घेतलं आणि गावभरची कुत्री या अनामिकाच्या वाट्याला आली.

आता एक गंमत पाहा. ‘डिअर’ जिथून निघाला आणि जिथे पोचला, नेमका तोच प्रवास आपल्याकडे ‘मृग’ने केलाय. संस्कृतात मृग म्हणजे आधी कोणताही रानपशू. ऋग्वेदात हत्तीला ‘मृग हस्तिन्’ म्हटलंय, म्हणजे हात असलेलं जनावर. सिंह हा मृगेंद्र, तो काही फक्त हरणांचा राजा नव्हे. माकड हे शाखामृग, फांदीवरचं जनावर. आणि शिकार म्हणजे मृगया. मराठीत आपण मृग म्हटलं की हरीण तरी समजतो, नाहीतर जूनमधलं नक्षत्र. पण दक्षिणेत जा. मैसूरच्या प्राणिसंग्रहालयाला कन्नडमध्ये ‘मृगालय’ म्हणतात, आणि त्यात वाघ, जिराफ, पाणघोडे सगळे सुखाने राहतात. तिकडे मृग म्हणजे अजून जनावरच. जी तफावत इंग्रज आणि डच यांच्यात, तीच निपाणीच्या अलीकडे आणि पलीकडे.

मला थक्क करतं ते याच्या पुढचं. ‘मृग’चा इराणी भाऊ आहे ‘मुर्ग’. इराणात हा शब्द जनावरांकडून पक्ष्यांकडे वळला. फारसीत मुर्ग म्हणजे पक्षी, म्हणून तर दंतकथेतला तो महाकाय पक्षी सीमुर्ग. हिंदुस्थानात येईपर्यंत तो आक्रसला आणि मुर्ग म्हणजे फक्त कोंबडं झालं. इंग्रजीत ‘फाऊल’चं हेच झालंय, आधी कोणताही पक्षी, आता ताटातली कोंबडी. आणि आपल्या ‘शहामृगा’तला मृग हा हरीण नसून हाच फारसी मुर्ग आहे. हजारो वर्षांपूर्वी ताटातूट झालेले दोन भाऊ मराठीत एकाच रूपात येऊन उभे राहिले, आणि आपल्याला त्यांच्यातलं नातं दिसतही नाही.

पाहुणा आला की मालक कोपऱ्यात सरकतो, याचं सर्वांत चित्रमय उदाहरण बसण्याच्या जागेचं आहे. जुन्या इंग्रजीत ‘स्टोल’ म्हणजे बसायचं कोणतंही आसन. राजाचं सिंहासन म्हणजे राजाचा स्टोल. जर्मनमध्ये ‘श्टूल’ अजूनही साधी खुर्चीच. मग फ्रेंचमधून ‘चेअर’ आली, पाठ आणि हात असलेली, मानाची. स्टूलकडे उरलं ते बिनपाठीचं, चार पायांचं. त्याला भोक पाडून खाली भांडं ठेवलं की शौचाचं आसन व्हायचं, आणि आठव्या हेन्रीच्या दरबारात या आसनाची व्यवस्था पाहणारा उमराव राजाच्या अगदी आतल्या गोटातला समजला जाई. पुढे आसनावरून अर्थ थेट तिथे होणाऱ्या क्रियेवर आणि मग मलावर गेला. आपल्याकडच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ‘स्टूल टेस्ट’ लिहिलेली चिठ्ठी मिळते, त्या शब्दावर एकेकाळी राजे बसत होते.

‘मीट’चा प्रवास आपल्याला जास्त जवळचा आहे. जुन्या इंग्रजीत मीट म्हणजे अन्न, कसलंही. प्राण्याच्या मांसाला वेगळा शब्द होता, ‘फ्लेश’. १६११ च्या त्याच बायबलात देव माणसाला झाडपाला आणि फळं देतो ती ‘मीट’ म्हणून. आणखी पुढे देवाला वाहायच्या नैवेद्यांमध्ये ‘मीट ऑफरिंग’ येतं, आणि त्यात मांसाचा कणही नसतो; असतं ते पीठ, तेल आणि धूप. म्हणजे अख्ख्या ग्रंथातला जो नैवेद्य पूर्ण शाकाहारी, त्याचंच नाव आजच्या कानाला सामिष लागतं. हळूहळू मीट मांसापुरता झाला, फ्लेश माणसाच्या देहाकडे ढकलला गेला, आणि जुना अर्थ काही जोडशब्दांमध्ये जिवंत राहिला. ‘स्वीटमीट’ हा त्यातलाच. ज्या दुकानात कांदासुद्धा चालत नाही, अशा पेढे-बर्फीच्या दुकानांवर ‘स्वीट मीट मार्ट’ अशी पाटी आपण पाहतो. त्या पाटीवर सहाशे-सातशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी आहे आणि त्या अर्थाने ती पाटी अचूक आहे.

जुना अर्थ असा जोडशब्दात लपून राहतो, हे शोधकाच्या फार उपयोगाचं आहे. ‘वाइफ’ म्हणजे मूळची केवळ बाई. बायको हा नंतरचा अर्थ. सुईणीच्या ‘मिडवाइफ’ या नावात ती जुनी बाई अजून आहे. आणि मराठी माणसाला तर हे समजावून सांगावंच लागू नये. ‘बायको’ म्हटलं की पत्नी, पण अनेकवचन करून ‘बायका’ म्हणा, लगेच साऱ्या स्त्रिया आल्या. एकवचन आक्रसलं, अनेकवचन मोकळं राहिलं.

‘कॉर्न’ या शब्दाने मात्र तीन गावी तीन संसार थाटले. मूळ अर्थ दाणा. मिऱ्याच्या दाण्याला म्हणूनच पेपरकॉर्न म्हणतात, आणि खारवलेल्या गोमांसाला कॉर्न्ड बीफ म्हणतात ते मिठाच्या जाड दाण्यांवरून. मग इंग्लंडमध्ये कॉर्न म्हणजे गहू झाला, स्कॉटलंडमध्ये ओट, आणि अमेरिकेत मका. ज्या मुलखात जे पिकतं आणि ज्याच्यावर घर चालतं, ते धान्य तिथलं ‘धान्य’. अमेरिकेत गेलेल्या इंग्रजांनी मक्याला आधी ‘इंडियन कॉर्न’ म्हटलं, पुढे त्यातलं ‘इंडियन’ गळलं. इंग्लंडमध्ये १८१५ पासून १८४६ पर्यंत जे ‘कॉर्न लॉज’ गाजले, ते गव्हासकट साऱ्या धान्याच्या आयातीबद्दलचे होते. इतिहासाच्या पुस्तकात ते नाव वाचून ब्रिटिश संसद तीस वर्षं मक्याच्या कणसांवर का भांडत होती, असा प्रश्न पडलेला विद्यार्थी अगदी बरोबर जागी अडखळलेला असतो.

जिथे जे पिकतं त्यावर शब्द आक्रसतो, हे पाहायला इंग्लंडला जायची गरज नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा, अहिल्यानगर या पट्ट्यात ‘कारखाना’ म्हणा. कसला कारखाना, असं कोणीही विचारणार नाही. कारखाना सुरू झाला म्हणजे गळीत हंगाम सुरू झाला. कारखान्याची निवडणूक म्हणजे कोणाच्या पॅनेलची हे चहाच्या टपरीवर ठाऊक असतं. १९५० च्या सुमारास प्रवरेला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याच्या मागोमाग इतर उभे राहिले, आणि एका पिढीत फारसीतून आलेला हा ऐसपैस शब्द उसाच्या मोळीत बांधला गेला. पिंपरी-चिंचवडमध्ये तोच शब्द नुसता उच्चारला तर काहीच बोध होत नाही.

हे सगळं का घडतं, याचं मला पटलेलं सर्वांत चांगलं उत्तर फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिलं. समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांच्या नियतकालिकात त्यांनी शब्दांचे अर्थ कसे बदलतात यावर एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं की भाषा एक असली तरी बोलणाऱ्यांचे गट अनेक असतात. शब्द मोठ्या समाजातून एखाद्या छोट्या गटात शिरला की त्याचा अर्थ आक्रसतो, कारण त्या गटात बरंच काही न बोलताच ठरलेलं असतं. त्यांनी घेतलेली उदाहरणं शेतकऱ्यांच्या अंगणातली होती. लॅटिनमध्ये ‘ठेवणे’ असा एक साधा शब्द आहे. फ्रेंच शेतकऱ्याच्या तोंडी त्याचा अर्थ झाला ‘अंडी घालणे’. कोंबडीने ठेवलं, म्हणजे दुसरं काय ठेवणार? ‘ओढणे’ या शब्दाचा अर्थ झाला ‘दूध काढणे’. सकाळी उठून गाईचं काय ओढायचं हे गोठ्यात कोणी विचारत नाही. ‘वेगळं करणे’ याचा अर्थ झाला वासराचं दूध तोडणे. हेच शब्द व्यापाऱ्यांकडे गेले असते तर त्यांचं काही वेगळंच झालं असतं.

मराठी गोठाही याच नियमाने बोलतो. ‘गर्भिणी’ हा संस्कृत शब्द बाईला लागतो तसाच गाईलाही. तो घासून घासून ‘गाभण’ झाला आणि फक्त जनावरांचा राहिला. बाईसाठी आपण गरोदर म्हणतो. ‘स्तन’ घासून ‘थान’ झालं, ते गाई-म्हशींचं. शिष्ट शब्द माणसाकडे, घासलेला शब्द गोठ्याकडे, ही वाटणी कोणी बसून केलेली नाही. रोज पहाटे दूध काढणाऱ्यांनी ती त्यांच्या बोलण्यातून केली.

मेये यांच्याही आधी त्यांचे गुरू मिशेल ब्रेआल यांनी ‘ऑपरेशन’ या एकाच शब्दाकडे लक्ष वेधलं होतं. शल्यचिकित्सक, सेनापती, सावकार आणि गणिताचा मास्तर हा शब्द उच्चारतात, प्रत्येकाला आपापला अर्थ पुरेसा स्पष्ट वाटतो, आणि एकालाही तो खुलासा करून सांगावा लागत नाही. ब्रेआल यांना आपल्या खेड्यातला पाचवा अर्थ माहीत असता तर त्यांना आनंद झाला असता. ‘दोन पोरांवर ऑपरेशन केलं’ असं एखादी बाई सांगते, तेव्हा ऐकणारीला आणखी एक अक्षरही लागत नाही. कुटुंबनियोजनाच्या मोहिमांनी घरोघर नेलेला तो शब्द त्या एका शस्त्रक्रियेपुरता झाला, कारण जिच्याबद्दल बायकांना एकमेकींशी बोलायचं होतं ती शस्त्रक्रिया तीच होती.

कधी कधी न बोलण्यामागे ओळख नसते, संकोच असतो. ‘अंडरटेकर’ म्हणजे शब्दशः काम अंगावर घेणारा. सतराव्या शतकात घर बांधून देणारा, पुस्तक छापायची जबाबदारी घेणारा, नवी वसाहत वसवणारा, सगळेच अंडरटेकर. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात या शब्दाला तीन अर्थ दिलेत: उद्योग हाती घेणारा, ठरल्या पैशात बांधकाम करून देणारा, आणि अंत्यविधीची व्यवस्था पाहणारा. अंत्यविधीचा अर्थ तिसऱ्या क्रमांकावर आहे. पण ज्याच्या घरात मयत झालंय, त्या माणसाला अंत्यविधी हा शब्द तोंडी आणायचा नसतो. तो नुसतं ‘काम घेणाऱ्याला बोलवा’ म्हणतो. एकदा हा शब्द स्मशानाच्या वाटेला लागल्यावर गवंडी, प्रकाशक सगळ्यांनी तो सोडून दिला. आता फ्रेंचमध्ये ‘काम अंगावर घेणारा’ यासाठी हुबेहूब त्याच घडणीचा शब्द आहे, ‘आन्त्रप्रनर’. इंग्रजीने तोही उचलला आणि त्याला नव्या उद्योगाचं, भांडवलाचं, साहसाचं तेज दिलं. अर्थाने जुळे असलेले दोन शब्द. एक शवपेटीशी जाऊन थांबला, दुसऱ्याच्या नावाने व्यवस्थापनाच्या महाविद्यालयांत अभ्यासक्रम चालतात.

आपल्या ‘सुपारी’ची आठवण इथे येतेच. लग्न ठरलं की सुपारी फुटायची, तमाशाचा फड बोलावायचा तर सुपारी द्यायची, बँडवाल्यालाही सुपारी. देणं-घेणं पक्कं झाल्याची ती खूण. फडांच्या आणि बँडच्या दुनियेत हा अर्थ अजून शाबूत आहे. पण वर्तमानपत्राच्या मथळ्यात ‘सुपारी दिली’ एवढंच छापलं तर वाचणारा कोणाचा खून होणार होता ते पाहायला पुढची ओळ वाचतो. मुंबईच्या इंग्रजी पत्रांनी हा शब्द उचलला तोही त्याच एका रक्ताळलेल्या अर्थाने.

आणि आता हिमालय. १६१३ सालापासून इंग्रजीत ‘कंप्युटर’ हा शब्द सापडतो, आणि पुढची तीन शतकं त्याचा अर्थ होता आकडेमोड करणारा माणूस. तो हुद्दाच होता. वेधशाळांमध्ये, नौदलाच्या पंचांगांसाठी, भूमापनात कंप्युटर नेमले जात. १८३१ साली कोलकात्याच्या हिंदू कॉलेजात शिकलेला राधानाथ सिकदार नावाचा तरुण हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात याच कामावर लागला. मैदानातून घेतलेले कोन, हवेतून वाकणारा प्रकाश, पृथ्वीची गोलाई या सगळ्यांचा हिशेब कागदावर करायचा, हे त्याचं काम. त्या हिशेबांतून ‘पंधरा क्रमांकाचं शिखर’ जगातलं सर्वांत उंच ठरलं; १८५६ साली २९,००२ फूट ही उंची जाहीर झाली आणि शिखराला माजी सर्वेक्षणप्रमुख एव्हरेस्ट यांचं नाव मिळालं. ‘एव्हरेस्टची उंची कंप्युटरने काढली’ हे वाक्य १८५६ मध्ये शंभर टक्के खरं होतं, आणि त्या कंप्युटरला आई-वडील होते.

१९४६ साली अमेरिकेत एनिॲक हे अवाढव्य यंत्र जगापुढे आलं. त्याला हुकूम देण्याचं काम सहा तरुणींनी केलं, आणि या तरुणी त्याआधी तोफगोळ्यांच्या मार्गाची कोष्टकं हाताने सोडवणाऱ्या ‘कंप्युटर’ होत्या. माणसांपासून वेगळं ओळखता यावं म्हणून यंत्राला ‘इलेक्ट्रॉनिक कंप्युटर’ म्हणत. पुढे माणसं त्या कामातून गेली आणि विशेषण निरुपयोगी झालं. एका पिढीच्या आत हा शब्द माणसांच्या हातातून सुटला. इतक्या झपाट्याने झालेला आणि तारीखवार दाखवता येणारा अर्थसंकोच फार थोडा आहे.

विज्ञानात तर अर्थ मुद्दाम, ठरवून आक्रसवला जातो. रॉबर्ट हूकने १६६५ साली सूक्ष्मदर्शकातून बुचाचा पातळ काप पाहिला, त्यात खोल्या-खोल्या दिसल्या, आणि त्याने त्यांना ‘सेल’ म्हटलं. तोवर सेल म्हणजे मठातल्या संन्याशाची खोली. १८२९ मध्ये फ्रेंच अभियंता कोरिओलिस याने ‘काम’ या रोजच्या शब्दाला गणिती कुंपण घातलं: बल लावून वस्तू त्या बलाच्या दिशेने जितकी सरकली, तेवढंच काम. त्यामुळे मार्केट यार्डात पन्नास किलोचं पोतं डोक्यावर घेऊन ट्रकची वाट पाहत उभ्या असलेल्या हमालाने भौतिकशास्त्राच्या लेखी त्या पोत्यावर शून्य काम केलेलं असतं. इंग्रज मुलाला ही गोष्ट पचवताना ‘वर्क’ या एकाच शब्दाच्या दोन अर्थांशी झगडावं लागतं. मराठी पाठ्यपुस्तकाने इथे एक शहाणपणाची गोष्ट केली. रोजचं ते ‘काम’ मोकळं ठेवलं आणि अरुंद अर्थ ‘कार्य’ या शब्दावर घातला. तसंच जोर निराळा, बल निराळं. वजन निराळं, वस्तुमान निराळं. हमालाने काम केलं, कार्य शून्य झालं, आणि दोन्ही वाक्यं एकाच वहीत भांडण न करता राहतात. मराठी परिभाषा बोजड असल्याची तक्रार आपण सतत ऐकतो. हा फायदा मात्र सहसा कोणी सांगत नाही, म्हणून तो इथे ठासून सांगतो.

दोन अर्थ एकाच शब्दात राहिले की काय होतं, हे ‘सिग्निफिकंट’ने दाखवलं. रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ च्या पुस्तकापासून संशोधकांच्या लेखी या शब्दाचा अर्थ काटेकोर झाला: खरा फरक नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता ठरावीक मर्यादेपेक्षा, बहुधा पाच टक्क्यांपेक्षा, कमी आहे. फरक मोठा आहे की क्षुल्लक, याबद्दल तो शब्द काही बोलत नाही. पण वर्तमानपत्रात पोचेपर्यंत सिग्निफिकंटचं ‘लक्षणीय’ होतं, आणि रक्तदाब एका एककाने उतरवणारं औषध लक्षणीय ठरतं. शब्द छोट्या गटातून पुन्हा मोठ्या समाजात आला, पण गटातला करार मागेच राहिला. यात माणसांचं खरंखुरं नुकसान होतं, कारण त्या शब्दावर भरवसा ठेवून ती औषधं विकत घेतात.

आणि एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना शब्द सगळी पोतडी घेऊन निघत नाहीत. एखादाच अर्थ घेऊन उंबरा ओलांडतात. ‘चाय’ अमेरिकेत गेला तो मसाल्याचा, दुधाळ चहा होऊन. साधा काळा चहा तिथे चाय नाही. इंग्रजी शब्द आपल्याकडे असेच येतात. इंग्रजीत ‘कंडक्टर’ तांब्याची तारही असते आणि वाद्यवृंदापुढे छडी हलवणारा संगीतकारही. एसटीच्या मराठीत तो फक्त तिकीट फाडतो. ‘डोनेशन’ इंग्रजीत दान आहे, रक्ताचं, ग्रंथांचं, पैशांचं. मराठी पालकाच्या तोंडी डोनेशन म्हणजे प्रवेशासाठी मोजावे लागलेले पैसे, आणि त्यात दानाचा लवलेश नाही. ‘शुगर’ स्वयंपाकघरात साखरच राहिली, पण ‘त्यांना शुगर आहे’ म्हणताच ती मधुमेह झाली. ‘सोसायटी’ तर एका राज्यात दोन ठिकाणी दोन दिशांना आक्रसली. पुण्यात सोसायटीची मीटिंग म्हणजे पार्किंग, पाण्याची टाकी आणि लिफ्टची दुरुस्ती. तासगावच्या खेड्यात सोसायटी म्हणजे जिथून पीककर्ज मिळतं ती. दोन्ही सोसायट्या सहकाराच्या एकाच कायद्यातून निघाल्यात, दोन्ही बोलणारे मराठी आहेत, आणि ‘सोसायटीची थकबाकी’ म्हटल्यावर एकाच्या डोळ्यांपुढे मेंटेनन्सचं बिल येतं, दुसऱ्याच्या सातबारा.

हे आत्ताही चालू आहे, आणि कान उघडे ठेवले तर पकडता येतं. लॅटिनमध्ये ‘दिलेल्या गोष्टी’ असा अर्थ असलेला ‘डेटा’ हा शब्द संशोधकांनी निरीक्षणांच्या नोंदींसाठी घेतला आणि संगणकवाल्यांनी यंत्रात साठवलेल्या कशालाही लावला. मग स्वस्त मोबाइल इंटरनेट आलं. आता संध्याकाळी पारावर बसलेलं पोर मित्राला म्हणतं, “डेटा संपला, हॉटस्पॉट चालू कर ना.” विद्यापीठात पीएचडी करणारी त्याची बहीण हा शब्द दिवसभर वापरते. तिचा डेटा असा कधीच संपत नाही, आणि रात्री बारा वाजता तो नव्याने मिळतही नाही.